कुबानचे दोन कॅमेरे

"यातला कमी कोण बघतो?" उलकानने विचारलं.

कुबानच्या हातातला तळलेला बोरसोक तोंडापाशीच थांबला. समोर रजईवर त्याचे दोन कॅमेरे ठेवलेले होते. एक जुना डीएसएलआर, काळा, वजनदार, कडा घासून पांढऱ्या पडलेला. दुसरा चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, खिशात मावणारा.

"काकी, कॅमेरा जास्त दिसावं म्हणून घेतात. कमी बघणारा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

आतल्या खोलीच्या बंद दाराला टेकून उलकानची सून आयझिरेक उभी होती. दारापलीकडे तिची एकोणीस दिवसांची मुलगी झोपली होती. दृष्ट लागू नये म्हणून चाळीस दिवस होईपर्यंत बाळाचा फोटो काढायचा नाही, घराबाहेरच्या माणसाने आत जायचं नाही, हे कोचकोरच्या बाजूला कोणाला सांगावं लागत नसे. म्हणून तर कुबान, नवऱ्याचा सख्खा चुलतभाऊ असूनही, बाहेरच चहा पीत बसला होता. फोटो काढायचाच तर घरातल्या कोणीतरी काढायला हवा होता. दुपारी कुबानला एका लग्नात जायचं होतं. एक कॅमेरा तो ठेवून जाणार होता, दुसरा घेऊन.

त्या काळी फोनमधून नुसता आवाज यायचा. तीन दिवस तो आवाज परदेशातल्या येकातेरिनबुर्गच्या इस्पितळातून येत होता. तिचा नवरा एर्मेक तिथे बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. पाठीचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि डॉक्टर खात्री द्यायला तयार नव्हते. "अपा, एकदा तिचं तोंड बघू दे," एवढंच तो आईला म्हणायचा. तिन्ही वेळा उलकानने "चाळीस दिवस होऊ देत" म्हणून फोन ठेवला होता. आज सकाळी शेजारचा सागिन उद्याच्या बसने तिकडे निघतोय असं कळलं, आणि उलकानने आपण होऊन कुबानला बोलावून घेतलं. का, हे विचारायचा आयझिरेकला धीर झाला नव्हता. एवढी दगडासारखी बाई अचानक कशी विरघळली?

"अपा, लहान घेऊ या का?" ती हळूच म्हणाली. "त्याचा आवाज होत नाही. बाळ उठायचंही नाही."

"शहाणी आहे तुमची सून," कुबान घाईने म्हणाला. "लहानच ठेवा. ही साबणाची वडी घेऊन लग्नात गेलो, तर फोटो कोण काढू देणार? भांडी घासायला बसवतील मला."

उलकानचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तिने लहान कॅमेरा उचलला आणि हात लांब करून समोर धरला. मागच्या पडद्यावर चहाची किटली उमटली.

"तुला तिथून दिसतंय?"

"दिसतंय, अपा."

"म्हणजे मलाही दिसणार, तुलाही."

"खोलीतल्या सगळ्यांना दिसतं," कुबान अभिमानाने म्हणाला. "तीच तर गंमत आहे!"

हाताला चटका बसावा तसा उलकानने तो खाली ठेवला. मग मोठा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून डोळ्याला लावला. शेगडीकडे वळवला. खिडकीकडे वळवला. अंगणातल्या घोड्याकडे बराच वेळ बघत राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांवर हसू आलेलं आयझिरेकने पाहिलं.

"याला पडदा नाही?"

"आहे, पण फोटो काढल्यावर त्यावर दिसतो. आधी या भोकातूनच बघायचं. जुनं मॉडेल आहे, काकी."

"मागचं बंद करता येतं?"

"येतं."

"कर बंद."

"संध्याकाळी छापताना मी बघणारच की!"

"तू कागद बघशील. मी बाळाचं विचारतेय. या भोकातून एकच माणूस बघतो ना?"

"एकच. तोही एका डोळ्याने."

"मग हा ठेव."

कुबानचं तोंड उतरलं. त्याने मागचा पडदा बंद केला, कोणतं बटण दाबायचं ते दोनदा दाखवलं, चंदेरी कॅमेरा खिशात घातला आणि "आज माझं काही खरं नाही," असं पुटपुटत बाहेर पडला.

आयझिरेकने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. उलकानने पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला.

"तू अंगणात जा."

"अपा, तुमचे हात थरथरतात. मी काढते. माझंच बाळ आहे."

"म्हणूनच."

उलकानने दाराच्या कडीवर हात ठेवला, पण दार उघडलं नाही.

"एर्मेकच्या आधी मला एक मुलगी होती. जिल्ह्याच्या पेपरचा माणूस आला होता, सगळ्यात जास्त दूध काढणारी म्हणून माझा फोटो घ्यायला. सासूबाई नको नको म्हणत होत्या. मीच बाळ बाहेर आणून त्याच्यासमोर धरलं. चोविसावा दिवस होता. आठवड्यात ताप आला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. असेलही. पण तीस वर्षं मी डॉक्टरांचं कुठे ऐकतेय?"

"आणि सासूबाई?"

"एका शब्दाने बोलल्या नाहीत. गरजच पडली नाही. मी होते ना बोलायला, रोज, मलाच."

उलकानने तिला खांद्याला धरून अंगणाच्या दाराकडे वळवलं.

"जा पोरी, गाईला पाणी दाव. मी हाक मारेपर्यंत आत बघू नकोस. काही होणार नाही. पण झालंच, तर बघणारा डोळा माझा होता. मला सवय आहे."