फडक्याची सुनावणी

"मॅडम, वस्तू कॅमेऱ्यासमोर धरा. आता मागची बाजू दाखवा," मोबाइलच्या पडद्यावरून कस्टमचे अधिकारी म्हणाले.

दीक्षानं नमुन्याचं ते हातभर लांबीचं, जाड, मऊ फडकं उलटं केलं. मागं दोन टोकांना शिवलेली, मधे सैल अशी वेल्क्रोची पट्टी होती. असली वीस हजार फडकी परदेशातून येऊन दीड महिना बंदरावर अडकली होती. एजंटच्या सांगण्यावरून तिनं कागदावर त्यांना 'फरशी पुसायचं फडकं' म्हटलं होतं. कस्टमचं म्हणणं, हा काठीच्या पोछ्याचा भाग आहे. कस्टमच्या यादीत पोछ्याचा क्रमांक वेगळा, ड्युटी जास्त, आणि चुकीचं नाव लिहिल्याचा दंड वेगळा.

माकणी गावातल्या दीक्षाच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. काठ्यांना ही फडकी लावून पोछे तयार करायचे, एवढंच इथलं काम. काठ्यांचे भारे कोपऱ्यात पडून होते. कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून सकाळीच त्यांच्यावर ताडपत्री टाकली होती. आज निकाल विरोधात गेला तर शेड बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऊसतोडीची टोळी कधी निघते, याची चौकशी त्यांच्यातल्या बानूबाईनं कालच करून ठेवली होती.

"ही पट्टी कशासाठी?"

"धरायला सोपं जातं, साहेब. बोटं अडकवता येतात." दीक्षा खोटं बोलली.

"काठीला लावायला नाही?"

"हातानंही वापरतात."

"कोण वापरतं? वापरून दाखवा. मला बघायचंय."

सोलापूरचा एजंट शिवप्रसाद हेच म्हणाला होता. साहेबांनी वापर विचारला तर कुणाला तरी खाली बसवून फरशी पुसायला लावा, ताई. डोळ्यांनी बघितलं की पटतं.

दीक्षानं बायांकडं बघितलं. बानूबाई पदर खोचत उठू लागली, तेवढ्यात चांगुणा पुढं आली आणि तिनं दीक्षाच्या हातातून फडकं घेतलं.

चांगुणा दीक्षाची माय. तालुक्याच्या एका दवाखान्यात सव्वीस वर्षं तिनं खाली बसून फरशी पुसली होती. गुडघे तिथंच गेले. आता खाली बसायचं म्हटलं की कुणाचा तरी हात धरावा लागायचा. काठीचे पोछे करायचं दीक्षाच्या डोक्यात आलं ते त्या गुडघ्यांमुळंच, पण तसं ती कुणाला बोलून दाखवत नसे.

"माय, तू नको."

"पूस म्हणतेत न्हवं? पुसते की."

भिंतीला धरून चांगुणानं एक गुडघा टेकवला. दुसरा टेकवताना तिनं श्वास रोखला. मग हात आपसूक चालू लागला. शहाबादी फरशीवर डावीकडून उजवीकडं एक अर्धा गोल, जरा मागं सरकायचं, पुन्हा अर्धा गोल. पुसलेल्या जागी पाय पडू नये म्हणून ती पाठमोरी दाराकडं सरकत होती. दीक्षा दोन्ही हातांनी मोबाइल धरून तिच्यासोबत चालत होती.

अधिकारी चष्मा नीट करून बघत होते. "आजी, तुम्ही असंच पुसता का नेहमी?"

"व्हय साहेब. सव्वीस वरीस असंच पुसलं."

ते खरंच होतं. अधिकाऱ्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"ठीक आहे, मॅडम. हातानं वापर होतो असं दिसतंय. आजींना अजून थोडं पुसू द्या. पकड जरा जवळून दाखवा."

भिंतीजवळच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. बानूबाई पुन्हा खाली बसली. दीड महिन्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला होता.

दीक्षानं मोबाइल खाली नेला. पडद्यावर आधी मायचा हात दिसला. बोटं वेल्क्रोच्या पट्टीत अडकवून ती फडकं दाबत होती. मग तिचा चेहरा दिसला. खालचा ओठ दाताखाली धरलेला होता. डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून फरशीवर पडत होतं, आणि ते त्याच फडक्यानं पुसून ती मागं सरकत होती.

"मॅडम, कॅमेरा स्थिर ठेवा."

दीक्षानं मोबाइल जमिनीवर ठेवला. आता त्यात वरचे पत्रे तेवढे दिसत होते. तिनं मायच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला वर ओढलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा बानूबाई धावत आली, तेव्हा चांगुणा कशीबशी उभी राहिली.

"मॅडम? काही दिसत नाहीये."

"साहेब, लिहून घ्या," मायला सांभाळत दीक्षा म्हणाली. "हे काठीलाच लावायचं असतं. आम्ही इथं पोछेच बनवतो."

जमिनीवरच्या मोबाइलमधून अधिकाऱ्यांचा आवाज आला.

"विचार करून बोला. हे नोंदीत जाईल. मग मला काही करता यायचं नाही."

"जाऊ द्या, साहेब."

सुनावणी संपली. लेखी आदेश येईल, असं सांगून अधिकाऱ्यांनी कॉल बंद केला. जरा वेळानं बानूबाईनं आपला डबा उचलला, कुणाकडं न बघता पायांत चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या.

चांगुणाला धाप लागली होती. दीक्षाच्या खांद्यावरचा हात तिनं काढला नव्हता. ती फरशीकडं बघत होती.

"दारापस्तोरच तर ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली. "झालं असतं की पुसून."