बरणीतला श्रावण

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी द्वारकाबाई काठी न घेताच स्वयंपाकघरात आल्या आणि दारातच थबकल्या. गुडघे दुखत नव्हते.

"रत्ना, घरात मासा आणलास?"

"शप्पथ नाही, आई," सून म्हणाली.

मग सकाळच्या चहात औषध आलं कुठून? फडताळावरच्या बरणीत, खाऱ्या पाण्यात, शंखातली विषारी गोगलगाय होती. वेंगुर्ल्यात आता संधिवाताच्या प्रत्येक रोग्याला दवाखान्यातून अशी एक मिळायची. समोर मासा धरला की ती विषाची सुई मारायची. ती सुई रबर लावलेल्या नळीवर झेलायची आणि विषाचा थेंब चहातून घ्यायचा, की दिवसभर दुखणं गायब; मासा मग तिलाच खायला द्यायचा. श्रावणात मात्र घरात मासा नाही, म्हणून बाई महिनाभर कळा सोसायला तयार होत्या.

त्यांची नजर सुनेच्या पायांकडे गेली. "बोटातली मासोळी कुठे गेली तुझी?"

रत्नाने बरणीकडे बोट दाखवलं. माशाच्या आकाराचं ते चांदीचं जोडवं पाण्यात दोऱ्याला लटकत होतं.

"बाजारात कोळणीच्या टोपलीला घासून आणली. वासाला फसली गोगलगाय. तुमचं कण्हणं ऐकवत नव्हतं, आई."

बाई वाकल्या. गोगलगाईची सोंड अजून चांदीवरून फिरत होती, पुन्हा पुन्हा चाचपत.

"मग हिने खाल्लं काय?"

"काही नाही."

"म्हणजे गुण मला आला आणि उपास हिला घडला." बाईंनी खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या. "तू थांब. जिवंत मासा मीच आणते. आज चालता येतंय."