टपावरचं टेंगूळ

नव्या गाड्यांचा पत्रा वाऱ्याला जे आडवं येईल ते स्वतःच गुळगुळीत करून टाकायचा, त्यामुळे मिरजेत गाड्यांचे पोचे काढणाऱ्या गफूर डेंटरला काम उरलं नव्हतं. म्हणूनच रेवती गोसावीची बिनचालकाची गाडी शेडमध्ये शिरली आणि मागून रेवती स्कूटरवर आली, तेव्हा तो हरखला.

"लिंबू-मिरचीसुद्धा गिळली हो हिनं," रेवती कौतुकानं म्हणाली. "आधी आरसे, मग हँडल. आज सकाळी बघते तर काचांवर पत्रा ओढलाय, दाराच्या फटीही बुजवल्यात. पण ॲव्हरेज बघा, लिटरला साठ! तेवढं टपावरचं टेंगूळ काढून द्या."

"साहेब कुठायत?"

"काल हिच्यातूनच साताऱ्याला गेले. उतरून गाडी परत पाठवली असेल. फोन काही लागत नाही."

गफूरनं सवयीनं डोळे मिटून टपावरून तळवा फिरवला. शेडमध्ये सावली होती, तरी टेंगूळ कोमट लागलं. त्यानं हातोडीनं त्यावर दोनदा हलकेच ठोकलं.

आतून कुणीतरी दोनदा ठोकलं.

मग त्याच्या तळव्याखाली ते टेंगूळ आपोआप सपाट व्हायला लागलं.