खालचं रान

"पुन्हा सांग. शेत कोणाचं?"

"तुमचं."

"अगं, तुझं म्हण, तुझं! शेतकी कचेरीच्या मॅडम बांधावर उभ्या असताना असं बोललीस, की बसलो आपण बोंबलत."

घरधन्याने कपाळावर हात मारला. बायको खुरप्याची माती पुसत राहिली.

शेततळं आणि ठिबकच्या नळ्या सरकार देणार होतं, पण बाईच्या नावावरच्या जमिनीलाच. ही बातमी विहिरीवरून तिनेच आणली होती. मग त्याने दोन्ही रानं, वरचं आणि खालचं, तिच्या नावावर केली. कागदापुरती. वर्षभराने परत आपल्या नावावर घ्यायची आणि खालचं रान वीटभट्टीवाल्याला देऊन टाकायचं, हे त्याचं पक्कं होतं. भट्टीवाल्याचा डोळा तिथल्या लोण्यासारख्या मातीवर होता.

भट्टीवाल्याचं नाव पहिल्यांदा निघालं, तेव्हा ती तीन दिवस जेवली नव्हती. ते रान तिने तान्ह्या लेकीसारखं वाढवलं होतं. दगड वेचले, बांध घातले, ओढ्यातला गाळ पाटीपाटीने डोक्यावरून आणून पसरला. चौथ्या दिवशी मात्र तीच म्हणाली, "करा तुमच्या मनासारखं." त्यानंतर हूं नाही की चूं नाही. रुसली होती, निवली, असं त्याने धरलं.

अर्ज द्यायला बाईनेच जायचं, असा नियम. ती गेली. मग कागद कमी पडला म्हणून पुन्हा गेली. मग तिसऱ्यांदा. घरधन्याने कचेरीच्या सात पिढ्या उद्धारल्या. ती मात्र उजाडायच्या आत उठायची आणि कुरकुर न करता चालू लागायची.

मॅडम आल्या. वयाने लेकीएवढ्या, बुटांना चिखल.

"मावशी, खालच्या रानात काय घेणार?"

घरधनी घाईने पुढे सरकला.

"तूर, मधल्या ओळीत मूग. उताराला गवताची पट्टी. आणि तळं त्या कोपऱ्यात नको, मॅडम. पहिल्याच पुराला गाळाने भरेल."

हे त्याने शिकवलंच नव्हतं. पण बोलली कशी खणखणीत! त्याची छाती फुगली.

मॅडमनी बांधावर बसूनच सही केली. "झालं मंजूर. काका, तीस वर्षं जमीन विकता येणार नाही, नावही बदलता येणार नाही. ठाऊक आहे ना?"

"तीस वर्षं? असं कचेरीच्या फलकावर कुठे होतं?"

"या अटीची सक्ती नाहीच. ज्या बाईला हवी, तिने मागून घ्यायची."

घरधन्याने बायकोकडे पाहिलं. ती गवताची काडी दाताखाली धरून उभी होती.

"अहो, तिला अक्षर ओळखता येत नाही. चुकून झालं असेल."

"चुकून कसं, काका? पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्याकडून पाच वर्षं लिहून घेऊन गेल्या. दुसऱ्यांदा येऊन पंधरा केली. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, मावशी, आता पुरे. तर म्हणाल्या, 'तीसच टाका. तोवर आमचे मालक नव्वदीला टेकतील, मग खुशाल विका म्हणावं.'"