डिंकाचा डाग

तब्रीझच्या प्रदर्शनात ‘स्वदेशी यंत्र’ म्हणून शिक्का मिळाला, तरच आझिताचा कारखाना तगणार होता. सोलर पॅनलच्या काचेवर मुलामा चढवणारं तिचं यंत्र तिच्या माणसांनी चार वर्षं खपून अगदी स्क्रूपासून सगळं स्वतः घडवलं होतं. शेजारच्या स्टॉलवर बेहनाम सकाळपासून आपल्या यंत्राच्या पाठीवरचं परदेशी लेबल नखांनी खरवडत होता.

दुपारी मंत्रालयाचे तपासनीस आले. साखरेचा खडा दातांत धरून त्यांनी निवांत चहा संपवला, मग बेहनामच्या यंत्रामागे हात फिरवला. बोटं चिकट झाली. कपाळाला आठ्या घालत ते आझिताच्या यंत्राकडे वळले आणि मागे बराच वेळ वाकून राहिले.

“हे आम्ही इथंच बनवलंय, साहेब.”

“सगळे तेच म्हणतात, इंजिनियरबाई. पण काम असं साफ हवं. ना ओरखडा, ना डिंक. उद्या वरचे लोकही असंच चाचपून बघणार.” शिक्का कागदावर टेकवायच्या आधी ते थांबले. “लेबल काढलंत कशानं? बाकीच्यांनाही सांगतो.”

आझितानं त्यांच्या हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं.

“रॉकेलनं,” ती म्हणाली.