घोरणाऱ्याचा दगड

मुलगे पाथरवटाच्या अंगणात बापाच्या थडग्यासाठी दगड निवडत होते. थोरल्याला काळा हवा होता, धाकट्याला करडा, आणि दोघेही हट्टाला पेटलेले. ती संधी साधून काकूंनी, म्हणजे त्यांच्या आईने, पर्समधली चिठ्ठी काढली आणि पाथरवटाच्या हातात कोंबली.

“हे लॅटिनमध्ये कर. ती दोघं आत यायच्या आधी.”

पाथरवटाने चष्मा पुसला. लॅटिन भारदस्त दिसतं म्हणून लोक मागत, आणि त्याच्या वडिलांचा जाडजूड शब्दकोश तेवढ्यापुरता कामी येई. बहुतेक चिठ्ठ्यांवर शांती, स्वर्ग असलं काहीतरी असे. हिच्यावर शाळकरी पोरालाही कळेल असं इंग्रजी होतं: ही स्नोअर्ड, बट ही वॉज वॉर्म. घोरायचे, पण ऊबदार होते.

त्याने चाचरत सुचवलं, ‘शांत निजले’ असं घालू या का?

“शांत निजले असते, तर मी एक्केचाळीस वर्षं छताकडे बघत काढली असती का?” काकू म्हणाल्या. “आता घरात चिडीचूप असतं, तर डोळ्याला डोळा लागत नाही.”

पाथरवटाने कोश उघडला. घोरणं लगेच सापडलं. उबेपाशी मात्र त्याचं बोट अडलं. ऊब कशाची, पाण्याची की पांघरुणाची, त्याने विचारलं.

“थंडीत माझे गार पाय लागले, तरी कूस न बदलणाऱ्या माणसाची.”

त्याला एकदम भरून आलं. त्याने पाटीवर खडूने मोठी अक्षरं काढली.

तेवढ्यात करड्यावर एकमत करून मुलगे आत आले. थोरल्याने घसा साफ केला आणि सभेत वाचावं तसं वाचलं, “स्टेर्टेबाट, सेद कालेबाट.” धाकट्याने टोपी काढली. बाबांना अगदी शोभतंय, थोरला म्हणाला, आणि त्याने अर्थ विचारला.

पाथरवटाने काकूंकडे पाहिलं. आजवर त्याने दगडांवर पुष्कळ लोणकढ्या थापा कोरल्या होत्या.

“खरं तेच लिहिलंय,” तो म्हणाला.

थोरल्याने मान डोलावून पुन्हा एकदा, आणखी गंभीरपणे वाचलं. काकूंनी रुमाल तोंडावर गच्च दाबला. त्यांचे खांदे गदगदू लागले. मुलांनी दोन्ही बाजूंनी आईला धरलं.

“रडू दे तिला,” थोरला हळूच म्हणाला. “इतक्या दिवसांत टिपूस काढलं नव्हतं.”

थोडं रडतही होत्या काकू.