दुसरा पगार

नव्या नोकरीला तीन महिने झाले आणि वल्लरीच्या पगारातून एकदम दुप्पट कर कापला गेला. अकाउंट्सचा शेखर हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या पॅनवर अजून एक पगार दिसतोय. सातपूरची नोकरी नक्की सोडलीत ना?"

सोडली म्हणजे काय! लेकीला, छोट्या मीरूला, पाळणाघरातून जरा उजेडात घरी नेता यावं, एवढ्यासाठीच तर सोडली होती.

चूक निस्तरायला तिने चहाच्या वेळेत जुन्या ऑफिसला फोन लावला. तिथले हिशेब बघणारे गंगाधरकाका उचलताच म्हणाले, "अगं, पोचलीससुद्धा?"

"काका, मी नोकरी सोडलीय. तरी माझा पगार काढताय तुम्ही. इथे कर कापतायत माझा."

"चेष्टा पुरे हं! रोज अंगठा लावतेस की मशीनवर. आज माझ्या डब्यातली भाजी खाऊन वर मीठ कमी म्हणालीस."

वल्लरीला हसू येईना. "काका... ती आत्ता कुठंय?"

"ती कोण? तूच निघालीस ना लवकर? मीरूला न्यायचंय म्हणून."

तिने लगेच पाळणाघराचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. अजून पोचली नसेल, ती स्वतःला सांगत होती, सातपूरहून यायला वेळ लागतो, वाटेत सिग्नल लागतात.

पाळणाघरातल्या पूजाताईंनी फोन उचलला. "काय विसरलात? आत्ताच तर नेलीत तिला." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्याकडे यायला आज पहिल्यांदाच रडली पोर."